बिघडला तर लाल

मेणाचा तो ठोकळा माझ्या पर्समध्ये होता आणि मी लोकमत चौकात सिग्नलला उभी होते. काडेपेटीपेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची जाळीदार चौकट, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर आणि मेणात रुतलेला नखाएवढा पांढुरका तुकडा. लॅबमधली मंडळी त्याला नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. हातात देताना तिथल्या मुलानं बजावलं होतं, "मॅडम, डिक्कीत नका ठेवू बरं, मेण आहे." ऑक्टोबरमधलं नागपूरचं ऊन. पर्स पोटाशी घेऊन मी गाडी चालवत होते. त्या तुकड्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या छातीतल्या गाठीच्या पेशी होत्या, आणि त्या पेशी नेमकं कोणाचं ऐकतात हे आम्हाला अजून कळलेलं नव्हतं.

जाऊबाई म्हटलं तरी मी त्यांना पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणते. त्यांच्या हाताला गाठ लागली ती आषाढात. बोलल्या कोणालाच नाहीत. तुकडा तपासायला जाईपर्यंत श्रावण संपत आला, आणि रिपोर्ट आला तो नेमका पोळ्याच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी महालातल्या आमच्या घराखालून मारबत निघाली, रोगराई गावाबाहेर घालवायच्या पुतळ्याची मिरवणूक. ढोल, धूळ, माणसांचा पूर आणि गॅलरीगॅलरीतून एकच आरोळी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" दरवर्षी गॅलरीत सगळ्यांच्या पुढे वहिनी असायच्या. त्या दिवशी त्या आत देवघरासमोर बसून होत्या. मी शेजारी जाऊन टेकले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझं काय चुकलं असंन गं?"

या प्रश्नाची उत्तरं द्यायला पुढच्या महिन्यात घरात रांग लागली. कोणी म्हणालं, धाकट्याला अंगावर कमी पाजलं. कोणी म्हणालं, मनात फार ठेवतात त्या. कोणाला वीस वर्षांपूर्वी लागलेला मार आठवला. प्रत्येक उत्तर प्रेमानंच दिलेलं, आणि प्रत्येक उत्तरानं वहिनी थोड्या आणखी लहान होत गेल्या.

ऑपरेशन झालं. काखेतल्या चौदा गाठी काढल्या, त्यातल्या दोनमध्ये रोग पोचलेला होता. केमो सुरू झाली, आधी ते ‘लाल औषध’. दुसऱ्या केमोनंतर एका संध्याकाळी पुढची तारीख बघायला मी फाइल उघडली आणि ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर नजर गेली. इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह. की-67, म्हणजे दुभंगत्या पेशींचं प्रमाण, तीस टक्के. हर-टू दोन प्लस. आणि त्याखाली बारीक अक्षरात, इक्विव्होकल, फिश अॅडव्हाइज्ड. म्हणजे, नक्की सांगता येत नाही, जीनच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करा. ती कोणी केलीच नव्हती. जिथं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही सगळे ‘स्टेज कोणती’ एवढंच विचारत राहिलो. मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तो कागद माझ्या हातातून तीनदा गेला होता. ही बोचणी माझ्या मनातून जाणार नाही, आणि जाऊही नये.

आम्ही डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की लाल औषधाचे चार डोस संपल्यावरच हर-टूचं औषध सुरू करायचं असतं, तेव्हा वेळ गेलेली नाही. पण ब्लॉक लगेच मोठ्या लॅबला द्या. म्हणून ती पर्स, आणि ते ऊन.

लॅबमधून मी परस्पर अजनीला बाबांकडे गेले. बाबा रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. माझं लहानपण अजनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग या गावात एकमेकांना छेदतात. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक जगाला असेल, आमच्या घरी ती बाबांची झोप उडवणारी गोष्ट होती. चहा घेताना मी म्हटलं, "बाबा, पेशीतले सिग्नल बिघडलेत वहिनींच्या." त्यांनी कप खाली ठेवला. "बिघडले म्हणजे कसे? लाल की हिरवे?"

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता.

बाबांनी मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रूळ काढले. रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो, त्यावर रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचललेला राहतो. गाडी आली की चाकं तो करंट मधेच पिऊन टाकतात, रिले पडतो, सिग्नल लाल. पण गंमत पुढं आहे, ते म्हणाले. रूळ तुटला तरी रिले पडतो. तार तुटली, बॅटरी बसली, तरी रिले पडतो. "बिघडला तर लाल. आमची सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी होती. गाड्या उशिरा जातील, लोक शिव्या देतील, पण मरणार नाहीत. हिरवा अडकला तर मात्र..." पुढचं ते बोलले नाहीत.

वहिनींचा हिरवा अडकला होता.

पेशीच्या पटलात रिसेप्टर नावाची प्रथिनं रुतलेली असतात, अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाहेरून वाढीचा निरोप घेऊन एखादं प्रथिन येऊन बसलं की दोन रिसेप्टर जोडीनं उभे राहतात आणि आतल्या बाजूला एकमेकांच्या शेपटीला फॉस्फेटचा ठिपका लावतात. तो ठिपका म्हणजेच निरोप. तिथून पुढं रास, राफ, मेक, अर्क अशा प्रथिनांच्या हातोहात तो केंद्रकापर्यंत जातो आणि सांगतो, दुभंग. दुसऱ्या वाटेनं, पीआय-थ्री कायनेज आणि एकेटीकडून, तोच निरोप सांगतो, मरू नकोस. फळ्यावर मी हे बाण इतक्यांदा काढलेत की झोपेतही काढेन.

हर-टू या कुटुंबातलं विचित्र भावंड. त्याला निरोप आणून देणारं स्वतंत्र प्रथिन आजवर सापडलेलं नाही. ते कायम हात पुढे करून उभं असतं, जोडी मिळाली की झालं. पटलावर थोडी हर-टू असतात तोवर सगळं ठीक. पण 17 क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा त्याचा जीन काही पेशींत पुन्हा पुन्हा नकलून बसतो. दोनऐवजी दहा, वीस प्रती. मग पटलावर हर-टूची इतकी दाटी होते की ती आपली आपणच जोड्या जमवतात. बाहेरून निरोप आलेलाच नसतो; आत ठिपके लागत राहतात. स्तनाच्या दर शंभर कॅन्सरांपैकी साधारण पंधरा-वीस असे असतात.

"आत लाल करणारं काहीच नाही?" बाबांनी विचारलं.

आहे. पीटेन नावाचं प्रथिन एकेटीच्या वाटेवरचा ठिपका पुसत राहतं. पी-53 तर बिघडलेल्या पेशीला थांबवतं, नाहीतर तिला मरायला लावतं. निसर्गानंही ‘बिघडला तर लाल’ची सोय केलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती चालते, आपल्या अंगात रोज किती पेशी अशा गुपचूप थांबवल्या जात असतील. कॅन्सर व्हायला एक हिरवा अडकून भागत नाही. लाल करणारे दोन-चार हातही गळावे लागतात. बाबांनी बराच वेळ त्या कडेवरच्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, "सिग्नल फेल झाला की आमच्याकडं पहिला प्रश्न ‘कुठं’ असायचा. ‘कोणी केलं’ हा साहेबांचा प्रश्न. तो नंतर."

ते वाक्य घेऊन मी महालात गेले.

वहिनींना मी उंदरांच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला. उंदराच्या पिल्लांचे डोळे उघडायला एरवी जवळजवळ दोन आठवडे लागतात. यांचे आठवड्याभरातच उघडले. अर्कात एक बारीकसं प्रथिन होतं, कातडीच्या पेशींना ‘वाढा’ म्हणणारं. त्याचंच नाव पुढं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर पडलं, आणि ज्या रिसेप्टरवर ते बसतं त्याचं भावंड म्हणजे हर-टू. 1986 साली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं ते या वाढीच्या प्रथिनांसाठी.

वहिनी ऐकत होत्या. डोक्यावरचे केस गेलेले, सुती रुमाल बांधलेला. "म्हणजे ते पिल्लांचे डोळे उघडते अन् माझी गाठ वाढवते?"

"त्याच घराण्यातलं आहे, वहिनी. जखम भरते ती याच निरोपांनी. वयात येताना छाती भरते, पोटुशी असताना दुधाच्या ग्रंथी वाढतात, त्यातही हेच निरोप असतात. दोन्ही पोरांना तुम्ही पाजलं ते याच निरोपांच्या जिवावर. गाठीनं नवीन काही आणलेलं नाही. एक निरोप संपता संपत नाही, एवढंच."

मी त्यांना कमल रणदिवेंबद्दलही सांगितलं. 1917 सालचा जन्म, पुण्याच्या. मुंबईत राहून त्यांनी उंदरांवर हयातभर काम केलं आणि स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि एका विषाणूशी संबंध शोधत राहिल्या. आपल्याच भाषेतली, नऊवारी-पाचवारीतल्या बायकांच्या काळातली एक बाई प्रयोगशाळेत उभी राहून ‘हे कशामुळं होतं’ असं विचारत होती, आणि त्या प्रश्नात कुठल्याही बाईवर ठपका नव्हता. वहिनींना ते ऐकून बरं वाटलं असावं. "साडीतच काम करायच्या का गं त्या?" एवढंच त्यांनी विचारलं.

फिशचा निकाल आला तेव्हा लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मला, शिक्षिका म्हणून, सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. खोलीत अंधार. काचेखाली काळ्याभोर आभाळात निळी केंद्रकं तरंगत होती. हिरवे ठिपके 17 व्या गुणसूत्राची खूण, ते बहुतेक केंद्रकांत दोन. लाल ठिपके हर-टूच्या जीनचे, तेही दोनच असायला हवे होते. मी मोजायला लागले. सात, नऊ, बारा... पुढं ते एकमेकांत मिसळून गेले होते, सांडलेल्या कुंकवासारखे. इतकी वर्षं मी पुस्तकातली चित्रं दाखवत आले. हे एका माणसाचं होतं, जिच्या हातची सांबारवडी मी पंचवीस वर्षं खातेय. मला डोळा काढवेना.

हर-टू पॉझिटिव्ह. एके काळी या शब्दांना बायका घाबरायच्या, आणि त्याला कारण होतं. 1987 साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत या जीनच्या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा रोग लवकर उलटतो. मग त्याच रिसेप्टरला बाहेरून धरून ठेवणारी प्रतिपिंड तयार झाली, ट्रास्टुझुमॅब. 1998 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. 2005 मध्ये ऑपरेशन झालेल्या बायकांवरचे निकाल आले, तेव्हा रोग उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलेलं दिसलं. आणि 2014 मध्ये तिची भारतात बनलेली आवृत्ती बाजारात आली. ती नसती तर महालातलं घर विकूनही आम्ही कुठवर पोचलो असतो, सांगता येत नाही. जगातल्या वाईट बातमीचं चांगल्या बातमीत रूपांतर होण्याची जी थोडी उदाहरणं मला माहीत आहेत त्यात हे फार वरचं, आणि त्याचं मूळ ‘या पेशी कोणाचं ऐकतात’ या एका प्रश्नात आहे.

ते ठिपके लावण्याचं प्रकरण कसं सापडलं तेही सांगते, कारण मला ते फार आवडतं. 1979 मध्ये कॅलिफोर्नियात टोनी हंटर यांनी एका प्रयोगात ताजं द्रावण न करता जुनंच वापरलं. त्याची आम्लता बदललेली होती, म्हणून एरवी एकावर एक पडणारे दोन डाग सुटे झाले, आणि प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं हे पहिल्यांदा दिसलं. हर-टू नेमकं तेच करतं. जुनं द्रावण आणि निरखणारी नजर, दोन्ही लागलं.

औषध सुरू व्हायच्या आधी वहिनींची टू-डी इको झाली, आणि पुढं दर तीन महिन्यांनी. "कॅन्सर छातीत, मग हे हृदय कायले तपासून राहिले?" त्यांनी विचारलं. कारण हृदयाच्या स्नायूंच्या पेशींनाही हर-टूचा निरोप लागतो. ताण आला की त्या निरोपावर त्या तग धरतात. गाठीचा आवाज बंद करताना हृदयाचाही थोडा बंद होतो. म्हणून त्यावर नजर ठेवायची, गरज पडली तर औषध थांबवायचं. वहिनी हे ऐकून बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या मनात त्या दिवशी काहीतरी हललं असं मला वाटतं, पण तेव्हा ते कळलं नाही.

दुसरा निरोप इस्ट्रोजेनचा. त्याचा रिसेप्टर पटलावर नसतो, केंद्रकातच असतो. अंडाशय काढून गाठी आटवल्याचं ग्लासगोच्या जॉर्ज बीट्सन यांनी 1896 साली प्रसिद्ध केलं होतं, रिसेप्टर ही कल्पनाही जन्मली नव्हती तेव्हा. वहिनींची पाळी गेलेली असल्यानं त्यांना लेट्रोझोल दिलं. ती गोळी इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. टॅमॉक्सिफेन वेगळं, ते रिसेप्टरच्या जागेवर जाऊन बसतं. एकात पत्र लिहूच द्यायचं नाही, दुसऱ्यात पत्रपेटी आधीच भरून ठेवायची.

केमोच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवर गोंदियाकडची एक बाई असायची, जेमतेम पस्तिशीची. एकदा आनंदानं म्हणाली, "माझे तिन्ही निगेटिव्ह आले. निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना, ताई?" मला काय बोलावं सुचेना. कोविडच्या काळात आपण सगळेच निगेटिव्हला चांगलं म्हणायला शिकलो. इथं त्याचा अर्थ एवढाच, की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या ज्या तीन कड्या आपल्याला बाहेरून बंद करता येतात त्या या दाराला नाहीत. पेशी आत कोणाचं तरी ऐकतच असते, पण ते वेगळं. अशा गाठीवर केमो चांगली चालते, काहींना इम्युनोथेरपीचा उपयोग होतो, बीआरसीए या आनुवंशिक धोक्याशी जोडलेल्या जीनची चाचणी करून आणखी वाटा सापडतात. मी तिला म्हटलं, "डॉक्टरांना बीआरसीएचं विचारा, नक्की विचारा," आणि तिच्या फाइलच्या पाठीवर देवनागरीत लिहून दिलं. आपल्या देशात 2022 या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे 1 लाख 90 हजारांवर नवे रुग्ण झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या कितीजणींच्या फाइलमधल्या त्या चार ओळी कोणी त्यांच्या भाषेत सांगितल्या असतील?

जूनमध्ये वहिनींची पाठ धरली. कोणी काही बोललं नाही, पण घर थिजलं. काखेतल्या दोन गाठी सगळ्यांना आठवत होत्या.

स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 1889 साली स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग रक्ताबरोबर कुठंही वाहत जात असेल तर सगळीकडं सारखा उगवायला हवा. तसं नव्हतं. यकृत, हाडं अशा ठरावीक जागी तो उगवत होता. पॅजेट म्हणाले, बी वाऱ्यानं सगळीकडं जातं, रुजतं ते मानवेल त्या मातीत. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. काळ्या मातीत कापूस येतो, भात पूर्वेकडं. आज त्या मातीची भाषा बरीचशी कळलेली आहे. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन ढिलं पडतं, आणि पेशी सुटी होते. हाडाच्या मगजातून, फुप्फुसातून एक प्रथिन झिरपत असतं, आणि गाठीच्या पेशींवर ते ओळखणारा रिसेप्टर असतो. त्या वासाच्या मागं जाव्यात तशा पेशी जातात. हाडात पोचल्यावर त्या हाड पोखरणाऱ्या पेशींना उठवतात. हाड झिजलं की त्यात साठलेली वाढीची प्रथिनं मोकळी होतात, ती पिऊन गाठ आणखी वाढते, आणखी पोखरते. त्या प्रथिनांतलं एक टीजीएफ-बीटा. निरोगी स्तनाच्या पेशीला तेच प्रथिन ‘थांब’ म्हणतं. पुढं गेलेल्या कॅन्सरच्या पेशीला तेच ‘चल’ ऐकू येतं. लाल दिव्याला हिरवा समजणारा ड्रायव्हर, बाबा म्हणाले, आणि पुन्हा गप्प झाले.

बोन स्कॅनच्या दिवशी आम्ही सकाळी सातला निघालो. इंजेक्शन दिल्यावर तीन तास थांबायचं आणि भरपूर पाणी प्यायचं. वहिनींनी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी घोट घोट संपवलं, मग माझ्या बाटलीतलं. निकाल संध्याकाळी आला. कंबरेच्या मणक्यांची वयाप्रमाणे झीज, दुसरं काही नाही. भाऊजी दवाखान्याच्या पायरीवरच खाली बसले. वहिनी म्हणाल्या, "उठा, लोक बघून राहिले," आणि स्वतःच त्यांच्या शेजारी बसल्या.

यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रास्टुझुमॅबचे पाच डोस बाकी होते. डोक्यावर बोटभर कुरळे केस आले होते, पूर्वी सरळ होते. खालून पिवळी मारबत गेली, मग काळी आली, आणि वहिनी गॅलरीत सगळ्यांच्या पुढे होत्या. लोक आपापलं दुखणं ओरडत होते. महागाई घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा. वहिनी ओरडल्या, "गाठ घेऊन जा गे मारबत!" त्यांच्या धाकट्याला जोर चढला. माझ्याकडून वर्षभर ऐकलेला शब्द त्यानं बेंबीच्या देठापासून काढला, "हर-टू घेऊन जा गे मारबत!"

वहिनींनी त्याचा दंड धरला.

"हर-टू नको म्हणू रे," त्या म्हणाल्या. "ते हृदयाले लागते."